वर्गाचं पहिलं हस्तलिखित : तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर अंक कसा काढावा

"मग२ आली."

तिसरीतल्या एका मुलाच्या वहीतलं हे वाक्य. शेजारच्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं, "मग दोन आली," आणि ती थांबली. "दोन काय आली?" मुलानं वही ओढून घेतली, क्षणभर बघितलं आणि काही न बोलता २ खोडून र लिहिला. गुजरातीतला र आपल्या दोनच्या आकड्यासारखाच दिसतो. बडोद्यातली मराठी मुलं दुकानांच्या पाट्यांवर, बसवर, शेजाऱ्यांच्या दारावर दिवसभर गुजराती अक्षरं बघतात, ती हातात उतरणारच. त्या र भोवती मी वर्षभर लाल गोल काढत होते. त्या गोलांनी जे झालं नाही ते एका वाचकानं मिनिटभरात केलं.

वर्गाचा अंक काढायचा तो याचसाठी. बाईंना दाखवायला लिहिलेलं मूल परत वाचत नाही. कुणीतरी खरंच वाचणार आहे म्हटल्यावर मात्र ते स्वतःच वाक्याकडे वळून बघतं. खाली लिहिलंय ते पहिल्यांदाच अंक काढणाऱ्यांसाठी, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या नव्या शिक्षकांसाठी, आणि गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांचा शनिवारी घरी मराठी वर्ग घेणाऱ्या आई-बाबांसाठीही. संगणक लागत नाही. कागद, काळं पेन, जवळचं झेरॉक्सचं दुकान आणि अडीच महिने, एवढं पुरतं.

आधी वाचक

अंकाचं नाव, मुखपृष्ठ, विषय हे सगळं नंतर. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहा : हा अंक कोण वाचणार? "सगळे" हे उत्तर घेऊ नका. मुलांकडून माणसं काढून घ्या. दांडिया बाजारात राहणारी आजी. पहिलीतली मुलं. मालेगावचा मामा. शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी. त्यातले तीन वाचक ठरवा आणि अंक निघेपर्यंत ती नावं फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या. पुढे कुठेही अडलं की तिकडे बोट दाखवता येतं. पहिलीतली मुलं वाचणार असतील तर अक्षर मोठं हवं. मालेगावच्या मामाला सूरसागर म्हणजे आमच्या बडोद्यातला तलाव हे माहीत नाही, म्हणून एक वाक्य जास्त लिहावं लागेल. आजीला बारीक दिसत नाही.

दिवस आणि पानं

प्रकाशनाची तारीख आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत या. आमच्याकडे २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, सोयीचा पडतो. डिसेंबरच्या मध्याला सुरुवात केली की दहा आठवडे मिळतात. मध्ये उत्तरायण (पतंगांची संक्रांत) येतं, म्हणजे लिहायला विषय आपोआप आकाशातून खाली येतो. आठवड्याला दोन तास पुरे. रोज करायला गेलात तर मुलंही कंटाळतील आणि तुम्हीही.

पानं सोळा ठेवा. चार ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले की अर्ध्या आकाराची सोळा पानं होतात. अशी एक कोरी वही, म्हणजे डमी, पहिल्याच आठवड्यात मुलांकडूनच करून घ्या आणि पेन्सिलनं पानांवर १ ते १६ आकडे घालायला सांगा. मग ती वही उलगडा. एकाच कागदावर १६ आणि १ शेजारी, मागच्या बाजूला २ आणि १५. पुढच्या कागदावर १४ आणि ३. मुलं चक्रावतात. थोड्या वेळानं कुणाच्या तरी लक्षात येतं की शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज दर वेळी सतराच येते. हा शोध मुलांनाच लागू द्या, आधी सांगू नका. झेरॉक्सच्या वेळी पानांचा गोंधळ टाळायला हाच सतराचा नियम लागणार आहे.

त्याच सुमाराला मुलांना छापील अंक हाताळायला द्या. घराघरांतून जुने दिवाळी अंक मागवा. अनुक्रमणिका कशासाठी असते, लेखकाचं नाव कुठे येतं, चित्राखाली काय लिहितात, एवढंच शोधायला सांगा. जमलं तर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात घेऊन जा. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत, त्या बघून आमची मुलं अर्धा तास गप्प होती. तिथे त्यांना मी एक गोष्ट सांगते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केलं. पण शाळेत शिकलेलं अक्षर, पुढे वाचायला काही मिळालं नाही तर पुसून जातं. म्हणून १९१० पासून त्यांनी गावोगाव ग्रंथालयं उभी केली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरवल्या. आपणही कुणाला तरी वाचायला काही देणार आहोत, हे मुलांना त्या कपाटांसमोर पटकन कळतं.

लिहायला काय द्यायचं

"माझी आई", "पावसाळा", "माझा आवडता सण" हे विषय देऊ नका. त्यांची वाक्यं मुलांना तयार मिळालेली असतात आणि तीस जणांचं लिखाण एकसारखं येतं. ज्यात मुलाला काहीतरी जाऊन बघावं, विचारावं, मोजावं लागेल असं काम द्या.

सगळ्यात जास्त शिकवते ती मुलाखत. खंडेराव मार्केटमधल्या एका फूलवाल्या काकांची मुलाखत आमच्या चौघांच्या गटानं घेतली. पहिला प्रश्न वहीत लिहून नेला होता : "तुम्हाला फुलं आवडतात का?" काका म्हणाले, "हो." झालं. चौघं एकमेकांकडे बघत उभी. मग त्यांतल्या सगळ्यात लहान मुलीनं वही बंद करून विचारलं, "काका, सकाळी आल्यावर सगळ्यात आधी काय करता?" आणि काका बोलायला लागले. पोती कशी सोडतात, काल उरलेली फुलं कुठे जातात, गुलाब आणि झेंडू एकत्र का ठेवत नाहीत. मुलांना लिहून घेणं पुरेना. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही फळ्यावर दोन रकाने केले : "हो-नाहीनं संपणारे प्रश्न" आणि "गोष्ट निघणारे प्रश्न". काय, कसं, कधी, मग काय झालं. मुलाखतीला जाण्याआधी प्रत्येक गटाकडून असे पाच प्रश्न तयार करून घ्या आणि वर्गातच एकमेकांवर ते वापरून बघा.

बातमी ही दुसरी गोष्ट. बडोद्यात मगरीसारखा विषय शोधायला लागत नाही. विश्वामित्री नदीत मगरी आहेतच. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या, आणि थंडीत काला घोड्याच्या पुलावरून काठावर ऊन खात पडलेली एखादी दिसतेही. पण मुलांच्या बातमीत मगर दर वाक्याला लांब होत जाते. "दहा फुटांची मगर होती" असं आलं की मी विचारते, कुणी मोजली? "दादा म्हणाला." मग लिही, दादा म्हणाला. स्वतः बघितलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहायचं, एवढा एक नियम ठेवा. मग मगरीची ती बातमी त्यांना आठवड्यानं पुन्हा वाचायला द्या. कुठे खरं आणि कुठे फुगवलेलं ते आता मुलंच दाखवतात. आठ वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो, आणि पुढे आयुष्यभर लागतो.

पाककृती जरूर घ्या, आणि छापायच्या आधी एक खेळ करा. लिहिणारं मूल गप्प उभं राहील, दुसरं मूल कृती वाचत तसंच हातवारे करून दाखवेल. आमच्या शेवउसळीच्या कृतीत वाटाणे भिजवलेच नव्हते, थेट फोडणीला पडले. सगळा वर्ग ओरडला. क्रम का महत्त्वाचा हे मग मला सांगावं लागलं नाही.

याशिवाय कोडी, विनोद, उखाणे, "हरवलं-सापडलं", हवामानाच्या आठ दिवसांच्या नोंदी, चित्रं आणि चित्राखालची ओळ. लहान चौकोनांची भरपूर जागा ठेवा. प्रत्येक मुलाचं अंकात काहीतरी असलंच पाहिजे, आणि ते सगळं एकाच मापाचं नसतं.

ज्याला अजून लिहिता येत नाही

प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुलं असतात. त्यांना चित्र काढायला बसवून मोकळं व्हायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. अंकाचा सगळ्यात मोठा फायदा याच मुलांना होतो, फक्त वाट वेगळी आहे : मूल सांगेल, तुम्ही लिहा.

शेजारी बसा. कागद त्याला दिसेल असा ठेवा. ते बोलेल तसं, त्याच्याच शब्दांत, सावकाश लिहा. सुधारू नका, सुंदर करू नका. एका मुलानं मला सांगितलं होतं, "बाबा रात्री येतात तेव्हा मी झोपलेला असतो. म्हणून मी चित्र उशीखाली ठेवतो. सकाळी चित्र नसतं." एवढंच. तीन वाक्यं. मी ती मोठ्या अक्षरात लिहिली आणि बोट फिरवत त्याच्याबरोबर दोनदा वाचली. काय लिहिलंय ते त्याला ठाऊकच होतं, कारण ते त्याचंच होतं. त्यामुळे नजर अंदाज घेत पुढे सरकायची आणि शब्दावर बरोबर थांबायची. दुसऱ्या दिवशी त्याच कागदाची नक्कल कात्रीनं शब्दाशब्दांत कापली आणि त्याला परत जुळवायला दिली. तिसऱ्या दिवशी "सकाळी" हा शब्द त्यानं फळ्यावर दुसऱ्याच वाक्यात ओळखला. पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर तो तोपर्यंत एका ओळीपुढे गेला नव्हता. अंकातलं पान त्यानं स्वतःच्या हातानं उतरवलं. त्या तीन ओळींना दोन तास लागले आणि मी त्याला ते दोन तास दिले. बाकीच्या वर्गाला तेव्हा चित्रं रंगवायला दिली होती.

तपासणी, आणि माझी एक मोठी चूक

पहिल्या अंकाच्या वेळी वेळ कमी होता म्हणून रविवारी घरी बसून मी सगळ्या कविता "जराशा" सुधारल्या. यमकं जुळवली, दोन-तीन ठिकाणी कडवं वाढवलं. अंक देखणा झाला. प्रकाशनानंतर एका मुलीची आई भेटली. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, ती म्हणते ही कविता माझी नाही. घरी कुणाला दाखवू देत नाही." तो अंक माझ्याकडे अजून आहे. तेव्हापासून मुलाच्या लिखाणावर मी माझं पेन चालवत नाही. विचारते फक्त.

तपासणीच्या दोन फेऱ्या करा आणि त्या एकमेकींत मिसळू नका. पहिली फेरी अर्थाची. मुलं जोडीनं बसतात, एक दुसऱ्याचं मोठ्यानं वाचतं, आणि वाचणाऱ्यानं दोनच गोष्टी सांगायच्या : मला काय आवडलं, आणि मला काय कळलं नाही. "मला पतंग आवडतो" एवढंच लिहून थांबलेल्या मुलाला त्याच्या जोडीदारानं विचारलं, "तुझा कापला तेव्हा काय केलंस?" त्यावर अर्धं पान आलं, कापलेल्या बोटावर आजीनं हळद लावली तिथपर्यंत.

दुसरी फेरी शुद्धलेखनाची, आणि तीही एका वेळी एकाच गोष्टीची. एका दिवशी फक्त शिरोरेषा आणि गुजराती वळणाची अक्षरं. एका दिवशी फक्त पूर्णविराम. ऱ्हस्व-दीर्घाचे सगळे नियम सांगायला जाऊ नका, दोन पुरतात. एक, शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार मराठीत बहुतेक दीर्घ असतात. "आणि" हा अपवाद मुलांना लगेच सापडतो. दुसरा नियम आमच्या फूलवाल्या मुलाखतीतूनच निघाला. लहान मुलीनं विचारलं, "बाई, फूल दीर्घ आणि फुलांचा ऱ्हस्व, असं का?" मी मुलांना दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणायला लावले. फूल म्हणताना आवाज तिथेच लांबतो, फुलांचा म्हणताना तो पुढे सरकतो. मग मुलं स्वतःच शोधायला लागली : मूल-मुलाला, मीठ-मिठाचा, वीट-विटा, ऊस-उसाचा. भिंतीवर लावलेली ती यादी महिनाभर वाढत होती.

भाषा कुठवर सुधारायची हा प्रश्न आपल्या गावात येतोच. आमच्या एका मुलानं "मी पतंग चगवला" असं लिहिलं. त्याच्या घरी तसंच बोलतात, त्याची आजीही. जोडीदारानं "उडवला" सुचवलं, तर तो म्हणाला, "उडवला म्हणजे नुसता वर गेला. चगवला म्हणजे मी धरून ठेवला." मी ते तसंच ठेवलं. अक्षर चुकलं तर सुधारायचं, घरातली बोली ठेवायची, असा माझा निर्णय आहे. पण जिथे मालेगावच्या मामाला कळणार नाही तिथे खाली छोट्या अक्षरात अर्थ लिहायला सांगते, आणि तो अर्थ लिहिणं हेही लिखाणच आहे.

चांगली प्रत

इथून पुढे सगळं हाताचं काम, पटकन सांगते. चांगली प्रत काळ्या पेननंच लिहायची. पेन्सिल आणि फिकट निळी शाई झेरॉक्समध्ये नीट उमटत नाही, पिवळा रंग तर बहुतेक नाहीसाच होतो. चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर समास सोडा, नाहीतर कडेची अक्षरं कापली जातात. कागदाखाली ठळक रेघांचा कागद ठेवला की ओळी सरळ येतात. पान चुकलं तर पूर्ण परत लिहायला लावू नका, चुकलेल्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून त्यावर लिहा. झेरॉक्समध्ये ती दिसतही नाही.

सगळी पानं तयार झाली की डमी समोर ठेवून, सतराच्या बेरजेनं जोड्या लावून चार कागदांच्या दोन्ही बाजूंना ती चिकटवा. चाळीस प्रती काढायच्या तर आतले कागद १६० लागतील, पाठपोट. आधी एकच प्रत काढून, दुमडून, पानांचा क्रम तपासा आणि मगच बाकीच्या सांगा. मुखपृष्ठाला जाड रंगीत कागद घ्या, त्यावर फक्त चित्राच्या रेघा छापा आणि रंग मुलांना हातानं भरू द्या. चाळीस अंक, चाळीस वेगळी मुखपृष्ठं.

साध्या स्टेपलरचा हात मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, म्हणून आम्ही शिवतो. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा (हे काम मोठ्यांचं). सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून खालच्या भोकातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं घेऊन गाठ मारायची. चौथीची मुलं हे दुसऱ्या अंकापासून तुमच्यापेक्षा लवकर करतात.

निघाल्यावर

प्रकाशनाला पाहुणे बोलवण्यापेक्षा फळ्यावरचे ते तीन वाचक बोलवा. प्रत्येक मूल आपलं पान आपल्या वाचकाला वाचून दाखवेल, एवढाच कार्यक्रम. भाषणं नकोत. शेवटच्या पानावर कोरी चौकट ठेवा, "वाचकाचं उत्तर". ती फाडून परत पाठवायची. आलेलं प्रत्येक उत्तर वर्गात वाचा आणि ज्याच्या लिखाणाबद्दल आलंय त्यालाच वाचू द्या.

जमेल तर दुसऱ्या गावातल्या एखाद्या मराठी वर्गाबरोबर अंकांची अदलाबदल करा. सेलेस्तँ फ्रेने नावाच्या एका फ्रेंच शिक्षकानं १९२० च्या दशकात बार-सुर-लू या छोट्या गावातल्या शाळेत लहानसं छपाईयंत्र आणलं, मुलांनी आपलंच लिखाण खिळे जुळवून छापलं आणि ते दूर समुद्रकाठच्या शाळेला टपालानं पाठवलं. डोंगरातल्या मुलांना समुद्राची पत्रं यायला लागली. आपल्याकडून इंदूरला, ग्वाल्हेरला किंवा नाशिककडच्या एखाद्या गावात पाकीट जाऊ शकतं. आमच्या अंकाला उत्तर आलं त्यात एक प्रश्न होता : "तुमच्या नदीत मगर असते तर तुम्ही पोहायला कुठे जाता?" याचं उत्तर लिहायला अख्खा वर्ग बसला, कुणीही सांगितलं नसताना.

मूळ पानं आणि अंकाची एक प्रत फायलीत घालून वर्गाच्या कपाटात ठेवा, मुलांच्या हाताला येईल अशा कप्प्यात. जूनमध्ये नवी तिसरी येते तेव्हा ती सगळ्यात आधी तीच फाइल काढते, आणि आपल्या दादा-ताईचं नाव शोधत बसते.